चिपवरचं मेश नेटवर्क: चार बाय चारच्या कागदापासून चालत्या राउटरपर्यंत

चिपवर चार कोअर (प्रोसेसर) असतील तर सगळ्यांना मिळून एकच तारांची वाट, म्हणजे सामाईक बस, पुरते. सोळा झाले की बससाठी रांग लागते. चौसष्ट झाले की कोअरचा बराच वेळ नंबर लागायची वाट बघण्यातच जातो. यावर उपाय म्हणून चिपवर छोटे राउटर जाळीसारखे मांडतात. प्रत्येक राउटर फक्त शेजारच्या चौघांशी आणि आपल्या कोअरशी बोलतो. हीच मेश. २००७ मध्ये इंटेलने दाखवलेल्या ८० कोअरच्या प्रायोगिक चिपवर ८ बाय १० ची मेश होती. त्याच वर्षीच्या टिलेराच्या टाइल-६४ वर ८ बाय ८ ची एक नव्हे, पाच स्वतंत्र जाळी होती. २०१७ पासून इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या झिऑन प्रोसेसरमध्येही रिंग (गोलाकार जोडणी) जाऊन मेश आली.

कोल्हापुरात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हा विषय घेणाऱ्यांना, किंवा नोकरी सांभाळून व्हेरिलॉग (हार्डवेअर लिहायची भाषा) शिकणाऱ्यांना, डोळ्यांसमोर ठेवून हे टिपण केलं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: पॅकेटचा रस्ता ठरवणं हे यातलं सोपं काम आहे, एका दुपारचं. पुढच्या राउटरमध्ये जागा आहे का, हे प्रत्येक सायकलला (क्लॉकच्या ठोक्याला) न चुकता मोजणं अवघड आहे, आणि प्रोजेक्ट अडकतात ते तिथंच. म्हणून खाली रस्त्याला कमी आणि जागेला जास्त शब्द दिले आहेत.

साहित्य फार लागत नाही. चौकटीचा कागद, दोन रंगांची पेनं, लिनक्स असलेला साधा लॅपटॉप, त्यावर सी प्लस प्लस कंपाइलर, मेक, फ्लेक्स आणि बायसन (पायरी ८ मधला सिम्युलेटर कंपाइल करायला). एफपीजीए (हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपचा) बोर्ड असेल तर तो सध्या कपाटातच राहू द्या.

पायरी १: जाळी काढा, दिशा ठरवा

राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत. नववी गल्ली शोधायला नकाशा लागत नाही. सहावीची पाटी दिसली तर पुढे जायचं, अकरावीची दिसली तर मागं फिरायचं. मेशमध्ये पत्ता असाच असतो. प्रत्येक राउटरला स्वतःचा एक्स आणि वाय माहीत असतो, पॅकेटवर जायच्या ठिकाणचा एक्स आणि वाय लिहिलेला असतो, आणि दोन्हींची तुलना करून दिशा ठरते. रस्त्यांचं मोठं कोष्टक कुठंच साठवावं लागत नाही.

कागदावर ४ बाय ४ चे सोळा चौकोन काढा. नोडचा नंबर = वाय गुणिले ४ अधिक एक्स, म्हणजे (३,२) हा नोड ११. शेजारी-शेजारी जोडणाऱ्या रेघा मोजा: आडव्या १२, उभ्या १२, एकूण २४. प्रत्येक रेघेवर जायची आणि यायची अशा दोन लिंक, म्हणजे ४८. कोडमध्ये लिंक जोडून झाल्या की हा आकडा प्रोग्रामकडूनच छापून घ्या. ४७ किंवा ५० आले तर पुढे जाण्यात अर्थ नाही. (८ बाय ८ साठी हाच आकडा २२४.)

आता उत्तर म्हणजे वाय वाढणारी दिशा की कमी होणारी, हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. चेष्टा नाही. स्क्रीनवर वाय खाली वाढतो, गणिताच्या वहीत वर वाढतो. राउटिंगचा कोड एकाने आणि जोडणीचा कोड दुसऱ्याने लिहिला की उत्तरेला पाठवलेलं पॅकेट दक्षिणेला जातं, तिथून परत पाठवलं जातं, आणि दोन राउटरमध्ये झोका खेळत बसतं. कडेच्या राउटरला एक पोर्ट कमी आणि कोपऱ्यातल्याला दोन कमी. ती मोकळी सोडू नका. बाहेर जायच्या बाजूला क्रेडिट (पुढे जागा असल्याचं टोकन, पायरी ६) कायमचं शून्य आणि आत यायच्या बाजूला 'काही आलेलं नाही' असं पक्कं बांधा.

पायरी २: पॅकेट आणि फ्लिट

नेटवर्कवरून जाणारा निरोप म्हणजे पॅकेट, आणि त्याचे एका सायकलला लिंकवर मावतील असे तुकडे म्हणजे फ्लिट. ६४ बाइटची कॅश लाइन (कोअर मेमरीतून एका वेळी उचलतो तो तुकडा) पाठवायची आणि फ्लिटमध्ये १२८ बिट डेटा मावतो असं धरलं, तर ५१२ भागिले १२८, म्हणजे डेटाचे चार फ्लिट. त्यांच्या पुढे पत्त्याचा एक हेड फ्लिट. एकूण पाच. मधले ते बॉडी, शेवटचा तो टेल. नुसती 'अमुक पत्त्यावरचा डेटा दे' अशी विनंती एकाच फ्लिटमध्ये मावते, तो फ्लिट हेडही असतो आणि टेलही. हा चौथा प्रकार विसरायची पद्धतच पडली आहे, म्हणून प्रकारासाठी दोन बिट आधीच ठेवा.

डेटाच्या बाजूनं आणखी १६ बिट धरा: प्रकार २, व्हर्च्युअल चॅनेलचा (एकाच लिंकवरच्या वेगळ्या रांगेचा, पायरी ७) नंबर १, जायचं ठिकाण ४, पाठवणारा ४, निरोपाचा वर्ग १, आणि चुका शोधायला अनुक्रमांक ४. खरं तर जायचं ठिकाण फक्त हेडमध्ये पुरतं. पण सुरुवातीला ते प्रत्येक फ्लिटवर असू द्या. वेव्हफॉर्ममध्ये (सिम्युलेशनमधल्या सिग्नलच्या आलेखात) अडकलेला फ्लिट दिसला की 'हा कुणाचा?' हे शोधण्यात संध्याकाळ जात नाही.

पायरी ३: एक्स-वाय राउटिंग

नियम एका ओळीचा: आधी एक्स जुळेपर्यंत आडवं चला, मग वाय जुळेपर्यंत उभं चला, दोन्ही जुळले की लोकल पोर्टनं कोअरकडे उतरा. (०,०) वरून (३,२) ला जायचं तर पूर्वेला तीन, मग उत्तरेला (तिकडे वाय वाढतो असं धरून) दोन, अशा पाच उड्या. दोन कम्पॅरेटर आणि एक छोटा मल्टिप्लेक्सर, एवढंच हार्डवेअर.

इतकं बाळबोध राउटिंग खऱ्या चिपवर का वापरतात? कारण त्यात कोंडी होत नाही. चार चौक जोडून एक चौकोन होतो असं समजा. प्रत्येक चौकात एक गाडी उजवीकडे वळायला थांबली आहे, आणि प्रत्येकीला पुढची जागा हवी आहे जी पुढच्या गाडीनं अडवली आहे. चौघींपैकी कुणीच हलत नाही. हाच डेडलॉक. मेशमध्ये सरळ जाणं सोडलं तर आठ प्रकारची वळणं शक्य आहेत: चार मिळून घड्याळाच्या दिशेचा फेरा पुरा होतो, उरलेली चार मिळून उलटा फेरा. एक्स-वायमध्ये उभ्यावरून आडव्यावर येणारी चारही वळणं बंद असतात. मग फेरा पुरा होणारच कसा?

चार वळणं बंद करणं जरा जास्तच आहे, प्रत्येक फेऱ्यातलं एकेक बंद केलं तरी भागतं, हे १९९२ मध्ये ग्लास आणि नी यांनी दाखवलं. त्यातली 'वेस्ट-फर्स्ट' पद्धत सोपी आहे: पश्चिमेला जायचं असेल तर ते सगळ्यात आधी उरका, नंतर पश्चिमेला वळायची परवानगी नाही. मग पूर्वेला जाणाऱ्या पॅकेटला गर्दी बघून रस्ता निवडता येतो. पण कुठलीही दोन वळणं मनानं बंद करू नका. प्रत्येक फेऱ्यातलं एक, अशा सोळा जोड्या होतात आणि त्यातल्या बाराच सुरक्षित आहेत. उरलेल्या चारांत तीन-तीन वळणं मिळून आठच्या आकड्यासारखा फेरा तयार होतो, तो कागदावर चटकन दिसत नाही.

पहिल्या डिझाइनला एक्स-वायच घ्या. गर्दी बघून रस्ता बदलणारं राउटिंग ऐकायला भारी वाटतं, पण त्यात पॅकेटं मागे-पुढे होतात, पोचल्यावर क्रम लावावा लागतो, आणि गर्दीची माहिती जुनी असली तर फायदाही होत नाही.

पायरी ४: वर्महोल म्हणजे उसाचा ट्रॅक्टर

गाळप हंगामात कसबा बावड्याकडे निघालेला ट्रॅक्टर आणि त्याच्या मागच्या दोन ट्रॉल्या पाहिल्या असतील तर वर्महोल स्विचिंग वेगळं शिकवावं लागत नाही. रस्ता ठरवतो तो ट्रॅक्टर, म्हणजे हेड फ्लिट. ट्रॉल्या नुसत्या त्याच्या मागून जातात, त्यांना पत्ता विचारायची गरज नाही. शेवटची ट्रॉली चौकातून बाहेर पडली की चौक मोकळा, म्हणजे टेल गेला की राउटरमधला तो रस्ता सुटला. आणि ट्रॅक्टर पुढच्या चौकात अडकला तर ट्रॉल्या मागचा चौकही अडवून बसतात.

पूर्ण पॅकेट प्रत्येक राउटरमध्ये साठवून मग पुढे पाठवलं, तर पाच उड्या आणि पाच फ्लिटला (राउटरचा आतला वेळ शून्य धरून) ५ गुणिले ५, म्हणजे २५ सायकल लागतात. वर्महोलमध्ये ५ अधिक ४, म्हणजे ९. शिवाय बफर (राउटरमधली फ्लिट थांबायची जागा) पूर्ण पॅकेटएवढा असावा लागत नाही. त्याची किंमत अशी की दोन-दोन फ्लिटचे बफर असले आणि पाच फ्लिटचं पॅकेट अडकलं, तर ते तीन राउटर धरून बसतं. मधला मार्ग व्हर्च्युअल कट-थ्रूचा आहे, १९७९ पासूनचा. फ्लिट लगेच पुढे सोडायचे, पण पुढे पूर्ण पॅकेटची जागा असेल तरच. पॅकेट पाच फ्लिटचं असेल आणि बफर पाचाचा परवडत असेल तर हाच घ्या, कारण अडकलेलं पॅकेट एकाच बफरमध्ये सामावतं.

पायरी ५: राउटरच्या आत

पाच पोर्ट, प्रत्येकाच्या आत यायच्या बाजूला बफर, मधे कुठलीही आत यायची बाजू कुठल्याही बाहेर जायच्या बाजूला जोडणारा ५ बाय ५ चा क्रॉसबार. हेड फ्लिट बफरमध्ये आला की क्रमानं चार गोष्टी होतात: दिशा ठरते, पुढच्या राउटरमधलं व्हर्च्युअल चॅनेल मिळतं, क्रॉसबारवर नंबर लागतो, फ्लिट क्रॉसबार ओलांडतो. मागच्या फ्लिटना पहिल्या दोन गोष्टी कराव्या लागत नाहीत. पुढच्या राउटरची दिशा आधीच्याच राउटरमध्ये काढून हेडवर लिहून दिली की एक टप्पा वाचतो, पण ही सुधारणा दुसऱ्या आवृत्तीत करा.

राउटरला ३ सायकल आणि लिंकला १ धरून (०,०) ते (३,२) चा हिशेब हातानं करा. सहा राउटर, म्हणजे १८. पाच लिंक, म्हणजे ५. उरलेल्या चार फ्लिटचे ४. एकूण २७ सायकल. रिकाम्या नेटवर्कवर एकच पॅकेट सोडल्यावर तुमच्या सिम्युलेशननं बरोबर हाच आकडा द्यायला हवा. २८ आला तरी 'एकानं काय होतंय' म्हणू नका, ती एक सायकल कुठं गेली ते शोधा. बहुधा कुठंतरी एक जास्तीचं रजिस्टर असतं, आणि पुढच्या पायरीत तेच महागात पडतं.

पायरी ६: क्रेडिट

केन यार्डात चार गाड्या मावतात असं समजा, आणि यार्डानं फडावर चार टोकन दिली आहेत. एक टोकन हातात असल्याशिवाय गाडी फडावरून निघत नाही. यार्डातली गाडी गव्हाणीकडे गेली, जागा रिकामी झाली, की टोकन फडावर परत येतं. रस्त्यात गाड्या उभ्या राहायचा प्रश्नच येत नाही. चिपवर लिंकवरून फ्लिट निघाला की तो पोचणारच. बफर भरलेला असेल तर तो टाकून द्यायचा आणि पुन्हा मागायचा, ही इंटरनेटची चाल इथं परवडत नाही. म्हणून आधी जागा, मग फ्लिट.

बांधायचं असं. राउटरच्या प्रत्येक बाहेर जाणाऱ्या पोर्टवर, प्रत्येक व्हर्च्युअल चॅनेलसाठी एक काउंटर ठेवा. रीसेटला त्यात पुढच्या बफरची खोली भरा, शून्य नव्हे. फ्लिट पाठवला की एक वजा. पुढच्या राउटरच्या बफरमधून फ्लिट बाहेर पडला की तो उलट्या दिशेनं एका तारेवर क्रेडिट पाठवतो; ते आलं की एक अधिक. काउंटर शून्य असेल तर त्या चॅनेलनं क्रॉसबारसाठी अर्जच करायचा नाही.

आता बफर किती खोल हवा? इथं अंदाज चालत नाही. एका जागेचा पूर्ण फेरा मोजा. सायकल ० ला फ्लिट निघाला. १ ला पुढच्या बफरमध्ये पोचला. सगळं मोकळं असेल तर ३ ला तिथून बाहेर पडला आणि त्याच क्षणी क्रेडिट सुटलं. ४ ला क्रेडिट पोचून काउंटर वाढला. ५ ला तीच जागा पुन्हा वापरता आली. फेरा पाच सायकलचा. बफर पाचाचा असेल तर लिंक सतत चालू राहते. चाराचा असेल तर पाच सायकलला चारच फ्लिट जातात, म्हणजे ८० टक्के. दोनाचा असेल तर ४० टक्के, आणि तेही रस्त्यावर दुसरं कुणी नसताना! लांब लिंकच्या मधे टायमिंगसाठी एक रजिस्टर टाकलं तर जाताना एक आणि येताना एक, फेरा सातावर जातो. बफर मात्र पाचाचाच राहतो, आणि मग 'क्लॉक वाढवला तरी वेग का नाही वाढला' असा प्रश्न पडतो.

तपासायची खात्रीची रीत एकच आहे. प्रत्येक लिंकवर, प्रत्येक चॅनेलसाठी, प्रत्येक सायकलला हे जुळलं पाहिजे: काउंटरमधली क्रेडिट, अधिक वाटेतले फ्लिट, अधिक पुढच्या बफरमधले फ्लिट, अधिक परतीच्या वाटेवरची क्रेडिट, बरोबर बफरची खोली. टेस्टबेंचमध्ये (डिझाइन तपासणाऱ्या कोडमध्ये) ही अट लिहा आणि मोडली की सिम्युलेशन जागीच थांबवा. ही अट नसताना हरवलेलं एक क्रेडिट सापडायला आठवडा लागू शकतो, कारण एक हरवलं तर काही बंद पडत नाही. नेटवर्क फक्त थोडं हळू होतं. दुसरं हरवलं की आणखी हळू. शेवटचं हरवल्यावरच ते गप्प होतं, आणि तोपर्यंत मूळ चूक लाखभर सायकल मागे गेलेली असते.

क्रेडिट हरवण्याची नेहमीची जागा म्हणजे एकाच सायकलला फ्लिट गेला आणि क्रेडिटही आलं तेव्हाची. 'गेला तर वजा, नाहीतर आलं तर अधिक' असं लिहिलं की आलेलं क्रेडिट गिळलं जातं. दोन्ही झाले तर काउंटर आहे तसाच, ही तिसरी शाखा स्वतंत्र लिहा. दुसरी जागा लोकल पोर्ट. कोअरकडे उतरणाऱ्या बाजूलाही बफर असतो आणि त्यालाही क्रेडिट लागतं. 'कोअर नेहमी घेईलच' असं गृहीत धरलं की कोअर जिथं थांबला तिथं फ्लिट सांडतात.

क्रेडिटऐवजी 'थांब' आणि 'चालू' अशा एका तारेवरही काम होतं. बफर भरत आला की मागे 'थांब' सांगायचं. पण ते पोचेपर्यंत निघालेले फ्लिट वाटेत असतातच, त्यांच्यासाठी जागा राखावी लागते, आणि 'चालू' पोचून नवे फ्लिट येईपर्यंत बफर रिकामा पडू नये म्हणून खालच्या बाजूलाही साठा लागतो. तारा वाचतात, बफर वाढतो. लहान मेशवर क्रेडिटच बरं.

पायरी ७: दोन रांगा, आणि पटकन न दिसणारी कोंडी

एकेरी रस्त्यावर उजवीकडे वळणारा ट्रॅक्टर थांबला की सरळ जाणारे सगळे त्याच्या मागे. वळणाऱ्यांची रांग वेगळी आखली की बाकीचे सुटतात. व्हर्च्युअल चॅनेल म्हणजे ही वेगळी रांग. लिंक एकच, तारा त्याच, पण बफर आणि क्रेडिट काउंटर वेगळे. हे तंत्र डॅली आणि साइट्झ यांनी १९८७ मध्ये मुळात डेडलॉक टाळण्यासाठी मांडलं, गर्दी सोडवण्याचा उपयोग पुढे पक्का झाला.

तुम्हाला किमान दोन चॅनेल हवीतच, आणि कारण वेगाचं नाही. एका नोडवर मेमरी कंट्रोलर आहे असं धरा. त्याच्याकडे विनंत्या येतात, तो उत्तरं पाठवतो. विनंत्यांची गर्दी होऊन त्याचा आत यायचा बफर भरला. एक विनंती पुरी करायची तर उत्तर बाहेर पडलं पाहिजे. पण उत्तराच्या वाटेवर दुसऱ्या विनंत्या उभ्या आहेत आणि त्या कुठल्यातरी भरलेल्या कंट्रोलरची वाट बघत आहेत. एक्स-वाय पाळूनही नेटवर्क ठप्प! वळणांचा फेरा नव्हता, पण विनंती आणि उत्तर यांच्यातला फेरा होता. तो कागदावरच्या जाळीत दिसत नाही, म्हणून नवशिके हमखास यात सापडतात.

तोडगा: विनंत्या चॅनेल ० वर, उत्तरं चॅनेल १ वर, अदलाबदल कधीही नाही. आणि विनंती पाठवण्याआधीच कोअरनं तिच्या उत्तरासाठी जागा राखून ठेवायची, म्हणजे उत्तर आलं की ते नक्की उचललं जातं. दुसरी अट पाळली नाही तर पहिलीचा उपयोग नाही. कॅश कोहेरन्सचा (सगळ्या कोअरच्या कॅशमधला डेटा एकसारखा ठेवण्याचा) पूर्ण प्रोटोकॉल असेल तर दोनावर भागत नाही. सहसा तीन वर्ग तरी लागतात.

अडाप्टेवाच्या एपिफनी चिपमध्ये हा प्रश्न वेगळी जाळी टाकून सोडवला आहे: चिपवरच्या लिहिण्यासाठी एक मेश, वाचायच्या विनंत्यांसाठी दुसरी, चिपबाहेर लिहिण्यासाठी तिसरी. वाचलेला डेटा लिहिण्याच्या रूपात परत येतो. ३२ बिटच्या पत्त्यातले वरचे १२ बिट म्हणजे ६ बिट रांग आणि ६ बिट स्तंभ, त्यामुळे पत्ता बघितला की वाट ठरली. अशा चिपवर प्रोग्राम लिहिताना दुसऱ्याच्या मेमरीतून वाचण्यापेक्षा त्यानंच आपल्याकडे लिहून द्यावं, ते कितीतरी स्वस्त पडतं. वाचायला जाऊन-येऊन दोन खेपा, लिहायला एकच.

किती बफर झाले तेही मोजून ठेवा. पाच पोर्ट, दोन चॅनेल, पाच खोली: ५० फ्लिट. प्रत्येकी १४४ बिट, म्हणजे एका राउटरला ७,२०० आणि सोळांना १,१५,२०० बिट. 'आठ चॅनेल टाकूया' असं कुणी म्हणालं की हा गुणाकार पुढे करा.

पायरी ८: सिम्युलेटरवर आलेख

स्वतःचं व्हेरिलॉग लिहिण्याआधी बुकसिमसारख्या तयार सिम्युलेटरवर दोन-तीन दिवस घालवा. तो फुकट आहे, सी प्लस प्लसमध्ये आहे, आणि आकडे प्रत्येक सायकलचे देतो. सेटिंगच्या फाइलमध्ये टोपॉलॉजीला मेश, के ला ८, एन ला २, पॅकेट साइजला ५ आणि राउटिंगला डायमेन्शन-ऑर्डर (म्हणजे आपलं एक्स-वाय) लिहा, मग इंजेक्शन रेट (प्रत्येक नोड माल ओततो तो दर) वाढवत चला. सावध राहायची एक जागा: हा रेट मुळात पॅकेटमध्ये मोजला जातो, फ्लिटमध्ये नाही. पाच फ्लिटच्या पॅकेटला ०.२ दिलं म्हणजे प्रत्येक नोड दर सायकलला पूर्ण एक फ्लिट ओततो आहे, आणि नेटवर्क पहिल्या मिनिटात हात टेकतं. फ्लिटमध्ये मोजायचं वेगळं सेटिंग आहे, ते चालू करा.

०.०५ पासून ०.०५ च्या टप्प्यांनी वर जा, वळणाजवळ ०.०१ चे टप्पे घ्या. सरासरी लेटन्सीचा (पॅकेट पोचायला लागणाऱ्या वेळाचा) आलेख बराच वेळ आडवा राहतो आणि मग उभा चढतो. रिकाम्या नेटवर्कच्या तिप्पट लेटन्सी झाली की नेटवर्क भरलं, असं ढोबळमानानं धरतात.

आकडे खरे की खोटे हे ओळखायला आधी कागदावरची मर्यादा काढा. ८ बाय ८ मध्ये कुणीही कुणालाही पाठवत असेल (स्वतःला सोडून) तर सरासरी उड्या ५.३३. मधोमध चिरलं तर एका दिशेनं आठच लिंक आहेत. एका बाजूच्या ३२ नोडांचा निम्मा माल पलीकडे जातो, म्हणजे दर १६ पट झाला आणि तो ८ मध्ये बसला पाहिजे. कमाल दर ०.५ फ्लिट प्रति नोड प्रति सायकल. याच्यापेक्षा जास्त आलं तर अभिनंदन करू नका, मोजण्यात चूक आहे. खरा राउटर याच्या खालीच भरतो.

मग ट्रान्सपोज चालवा, म्हणजे (एक्स, वाय) नं (वाय, एक्स) ला पाठवायचं. एक्स-वायमध्ये सगळ्यात वरच्या रांगेतले, कोपऱ्यातला सोडून, सातही नोड एकाच लिंकवरून तो कोपरा गाठतात, त्यामुळे मर्यादा १/७, साधारण ०.१४. नुसत्या सम वाटपाच्या आलेखावरून राउटिंगची तुलना करणारे प्रोजेक्ट म्हणूनच अर्धवट वाटतात.

तिसरा प्रयोग एकाच नोडकडे सगळ्यांनी पाठवण्याचा. एका रांगेत नोड ०, १, २ हे तिघे नोड ३ कडे पाठवत असतील आणि प्रत्येक राउटरमध्ये आळीपाळीनं नंबर लागत असेल, तर नोड २ ला निम्मी लिंक मिळते आणि ० व १ ला पाव-पाव. प्रत्येक चौकात न्याय झाला, पण लांबून येणाऱ्याला प्रत्येक चौकात पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं! जुन्या पॅकेटला आधी सोडणारा आर्बिटर (नंबर लावणारा भाग) हे सुधारतो, पण वय साठवायला बिट आणि तुलनेला वेळ लागतो.

पायरी ९: बोर्डावर

आता तो बोर्ड कपाटातून काढा. एफपीजीएवर १२८ बिटच्या मेशचे मल्टिप्लेक्सर बोर्ड खाऊन टाकतात. ३२ बिट फ्लिट आणि २ बाय २ पासून सुरू करा. बफर मात्र इथं स्वस्त असतात. लूकअप टेबलची मेमरी वापरली तर खोली पाच घ्या किंवा ३२, झायलिंक्सच्या नेहमीच्या बोर्डांवर जागा जवळपास तेवढीच जाते. म्हणून बोर्डावर खोल बफर आणि चिपवर उथळ, असा फरक पडला तर गोंधळू नका.

सगळ्या राउटरना रीसेट एकाच सायकलला सुटला पाहिजे. एक आधी जागा झाला आणि त्यानं भरलेल्या काउंटरच्या भरवशावर फ्लिट सोडला, तर तो झोपलेल्या शेजाऱ्याकडे पोचून नाहीसा होतो, आणि एक क्रेडिट पहिल्याच क्षणी कायमचं जातं. कोअरना पाठवायची परवानगी रीसेटनंतर १६ सायकल थांबून द्या.

प्रत्येक राउटरमध्ये एक पहारेकरी काउंटर ठेवा: बफरच्या तोंडाशी फ्लिट आहे आणि तो १,००० सायकल हललेला नाही, तर एलईडी पेटवा. एलईडी पेटला की रीसेट दाबायच्या आधी सगळे क्रेडिट काउंटर वाचून घ्या. सगळे फ्लिट जागेवर आहेत, हिशेब जुळतो आणि तरीही थांबलंय, तर कोंडी आहे. कोण कुणाची वाट बघतोय याचे बाण कागदावर काढा, फेरा सापडेल. कुठंतरी काउंटर शून्य आहे आणि पुढचा बफर रिकामा, तर कोंडी नाही, क्रेडिट हरवलं आहे, आणि पायरी ६ मधली ती तिसरी शाखा पुन्हा एकदा वाचायची.